दिराचं दिव्यांग अनुदान: तक्रार करावी की नाही? एक प्रकरण अभ्यास

दिव्यांगांच्या कागदपत्रांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), तहसीलचे अर्ज, त्रुटी निघाली की पुन्हा अर्ज. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा "आम्हाला मिळत नाही" म्हणून येतात. ही बाई उलटा प्रश्न घेऊन आली. "ताई, माझ्या दिराला दिव्यांग म्हणून अनुदान मिळतंय. मला ते खोटं वाटतं. तक्रार करू का?"

ती अंगणवाडी सेविका. दीर तिला वहिनी म्हणतो, म्हणून इथेही मी तिला वहिनीच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहिते आहे ते त्या दोघांना सांगून.

वहिनीची तक्रार काय होती

दिराला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा पैसे येतात. ही राज्याची १९८० पासूनची योजना. दिव्यांगांना तिचा लाभ मिळण्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दिराकडे ते आहे, दृष्टिदोषाचं. २०२३ पासून या योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती रक्कम २,५०० झाली. ही वाढ झाली तेव्हा घरात सगळ्यांसमोर तिची चर्चा झाली आणि वहिनीच्या मनात साठलेलं वर आलं.

"तो मोबाईलवर बारीक अक्षर वाचतो. बायकोला सुईत दोरा ओवून देतो. आमच्या घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे, मुलीला सायकल शिकवताना तिच्या मागे पळतोय. याला दिसत नाही म्हणे!"

तिच्या रागाला आणखी एक कारण होतं आणि ते खरं होतं. तिच्या अंगणवाडीच्या शेजारच्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई याच अनुदानासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवते आहे आणि अर्ज अडकलेला आहे. "त्या मुलाला नाही आणि याला आहे," हे वाक्य ती बोलताना पुन्हा पुन्हा येत होतं.

घरचे काय म्हणतात, असं मी विचारलं. नवरा म्हणाला होता, "आपल्याच भावाची भानगड चव्हाट्यावर मांडायची का?" सासूबाईंनी तर विषयच काढू दिला नव्हता. शिवाय जमिनीची वाटणी व्हायची आहे. हे तिने सगळ्यात शेवटी, जरा हळू आवाजात सांगितलं. मला ते आधी कळायला हवं होतं असं नाही, पण ते महत्त्वाचं होतं. वाटणी तोंडावर असताना केलेली तक्रार कितीही खरी असली तरी गावात आणि तहसीलमध्ये ती वाटणीचीच तक्रार म्हणून वाचली जाते.

पाहिलेलं आणि ठरवलेलं

मी तिला एक कागद दिला आणि मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किंवा दिराने स्वतः सांगितलेलं. उजवीकडे त्यावरून काढलेला निष्कर्ष.

डावीकडे आलं ते असं: मोबाईल वाचतो. सुई ओवतो. दुपारी मैदानात मुलीच्या सायकलमागे पळाला. पूर्वी मोटारसायकल चालवायचा, मग बंद केली. संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. दोनदा स्टुलाला अडखळून पडलेला पाहिला. घरात पिठाची गिरणी आहे, ती तो आणि त्याची बायको चालवतात. वाटणीच्या बोलण्यात तो म्हणाला होता, "खर्च जाऊन दहा-बारा हजार सुटतात महिन्याला."

उजवीकडे एकच ओळ: याला दिसतं, म्हणजे प्रमाणपत्र खोटं.

डावीकडच्या यादीतल्या तीन गोष्टी उजवीकडच्या ओळीच्या विरोधात जात होत्या. मोटारसायकल का बंद केली? संध्याकाळी बाहेर का पडत नाही? स्टूल का दिसलं नाही? वहिनीने या गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या, पण त्या मोजल्या नव्हत्या. संशय एकदा मनात बसला की माणूस त्याला पोसणारे प्रसंगच तेवढे वेचतो.

दिसतं, पण किती?

प्रमाणपत्रावर निदान काय लिहिलं आहे हे वहिनीला माहीत नव्हतं. तिने सांगितलेल्या खुणांवरून मला रेटिनायटिस पिग्मेंटोझाची शंका आली आणि पुढे ती खरी ठरली. याच आजारावर जरा थांबते, कारण असे गैरसमज मी अनेक घरांत पाहिले आहेत.

हा बहुतांशी आनुवंशिक आजार आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधुक उजेडात पाहायला मदत करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या आधी मरत जातात. म्हणून पहिल्यांदा रात्रीचं दिसणं जातं. लहानपणी अशा मुलांना रातांधळेपणा म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या जातात आणि आजार तसाच पुढे सरकत राहतो. मग कडेचं दिसणं आक्रसत येतं. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी साधारण १८० अंशांचा पसारा दिसतो. या माणसाला हळूहळू नळीतून पाहिल्यासारखं तेवढ्याच वर्तुळातलं दिसतं. मधलं दिसणं मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतं.

म्हणून तो मोबाईल वाचू शकतो, कारण मोबाईल त्या वर्तुळात मावतो. सुई मावते. भर दुपारी, ओळखीच्या सपाट मैदानात, सरळ पुढे धावणारी मुलगीही मावते. मात्र गुडघ्याच्या उंचीचं स्टूल मावत नाही. बाजूने आलेली मोटारसायकल मावत नाही. कुणी हस्तांदोलनासाठी कमरेजवळ हात पुढे केला तर तो हात दिसत नाही आणि समोरच्याला वाटतं, हा माणूस शिष्ट आहे.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात दृष्टीचं मोजमाप दोन बाजूंनी होतं: अक्षर किती बारीक दिसतं आणि दृष्टिक्षेत्र किती अंशांचं आहे. क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल, १० अंशांपर्यंत, तर अल्पदृष्टी. १० अंशांहून कमी असेल तर कायद्याच्या व्याख्येत ते अंधत्वच. म्हणजे मोबाईलवरचा मेसेज वाचणारा माणूस कायद्याने अंध असू शकतो आणि त्यात कसलीही लबाडी नसते.

असंच इतरही दिव्यांगत्वांचं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण एखाद्या दिवशी जिना चढतो आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठू शकत नाही. मानसिक आजाराचा माणूस लग्नात तासभर हसतो-बोलतो आणि नंतर आठवडाभर खोलीचं दार उघडत नाही. नातेवाइकांना दिसतो तो तासभर. वैद्यकीय मंडळाने तपासलेला माणूस आणि आपण अंगणात पाहिलेला माणूस एकच असतो, पण मंडळाने पाहिलेल्या गोष्टी आपल्याला दिसलेल्या नसतात. शरीर बघून आलेल्या संशयावर तक्रार करू नये, या मतावर मी ठाम आहे.

याचा अर्थ खोटी प्रमाणपत्रं नसतात असा नाही. असतात, आणि त्यांनी खऱ्या दिव्यांगांचं फार नुकसान केलं आहे. २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने महाराष्ट्रातल्या एका परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली. त्या वेळी दिव्यांग प्रमाणपत्रांवरही देशभर चर्चा झाली आणि पुढे राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. त्या काळात माझ्याकडे येणाऱ्या खऱ्याखुऱ्या दिव्यांगांनाही शेजारी विचारू लागले, "तुझं तरी खरं आहे का?"

खरी अडचण दुसऱ्याच रकान्यात

वहिनीच्या कागदावर एक ओळ होती, जिच्याकडे तिचं स्वतःचंच लक्ष नव्हतं. दहा-बारा हजार सुटतात महिन्याला.

संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. महिन्याला ४,१६६ रुपये. दिराचं सांगणं खरं धरलं तर वर्षाचं उत्पन्न सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. डोळ्यांचा प्रश्न नव्हता. पात्रतेचा होता, आणि तो पूर्णपणे कागदावरचा होता.

अनुदान मंजूर झालं तेव्हा गिरणी नव्हती. तो मजुरी सुटून घरी बसला होता. तेव्हाचा अर्ज खरा होता. गिरणी नंतर आली, कर्ज काढून. परिस्थिती बदलली, ती त्याने कळवली नाही. पुढे पडताळणीत उत्पन्नाचा दाखला मागितला, तेव्हा सेतू केंद्रातल्या मुलाने विचारलं, "किती टाकू?" आणि दीर म्हणाला, "बसेल तेवढं टाक." चाळीस हजार टाकले. स्वयंघोषणापत्रावर सही याची.

हे मी समजून घेऊ शकते. ५०,००० ची मर्यादा मला अन्यायाची वाटते आणि ते मी जिथे बोलायचं तिथे बोलत असते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठरली. एकाच राज्यात, एकाच घरात, बाईला अडीच लाखांपर्यंत गरीब मानायचं आणि डोळे जात असलेल्या माणसाला पन्नास हजारांच्या वर गरीब मानायचं नाही, याला काय म्हणायचं? तरीही चाळीस हजार हा आकडा खोटा होता. मर्यादा चुकीची आहे म्हणून खोटी सही बरोबर ठरत नाही. ज्याचं उत्पन्न खरोखर पंचावन्न हजार आहे आणि ज्याने तेवढंच लिहिलं, त्याचा अर्ज मी स्वतः नामंजूर झालेला पाहिला आहे. तो माणूस मला या प्रकरणात सारखा आठवत होता.

शेजारच्या मुलाचं काय?

वहिनीच्या मनातलं सगळ्यात जड ओझं हे होतं, म्हणून ते आधी सोडवलं. मी त्या मुलाच्या आईला कागद घेऊन बोलावलं. अर्ज अडला होता तो आधार कार्ड आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखा जुळत नव्हत्या म्हणून. दिराचं अनुदान बंद झालं असतं तरी त्या मुलाचा कागद एक बोटभरही पुढे सरकला नसता.

हे वहिनीला पटायला वेळ लागला. तिच्या डोक्यात एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं असं चित्र होतं. आरक्षित नोकरीत तसंच असतं. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व (किमान ४० टक्के) असलेल्यांसाठी असतात. तिथे खोट्या प्रमाणपत्रावर एक माणूस बसला की एक खरा माणूस बाहेर राहतो, आयुष्यभरासाठी. दिराने अशी जागा घेतली असती आणि प्रमाणपत्र दलालाकडून आणल्याचं वहिनीला ठाऊक असतं, तर मी तिला घरात बोलत बसू नकोस, सरळ लेखी कळव, असं सांगितलं असतं. तिथे आधी विचारायला गेलं की कागद गायब होतात.

आणखी एका प्रकारात मी वाट बघत नाही. दिव्यांग माणसाच्या नावावर अनुदान येतं आणि ते घरातला दुसराच कुणी काढून खातो, असं असतं तेव्हा. मतिमंद किंवा मानसिक आजाराच्या माणसांबाबत हे फार घडतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते माहीत असतं. अशा शोषणाविरुद्ध याच कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे कुणीही माहिती देऊ शकतं. तिथे तक्रारीमुळे दिव्यांग माणसाचं काहीच जात नाही, उलट त्याचे पैसे वाचतात.

आपल्या प्रकरणात यातलं काही नव्हतं. होतं ते एवढंच, की एक खरा दिव्यांग माणूस उत्पन्न लपवून दरमहा अनुदान घेत होता.

तक्रार केली असती तर

वहिनी जो अर्ज घेऊन आली होती, त्यात लिहिलं होतं की दीर "अंध असल्याचे सोंग करून शासनाची फसवणूक करत आहे." खाली नाव नव्हतं, "एक जागरूक नागरिक" अशी सही होती.

तो अर्ज गेला असता तर काय झालं असतं, हे मी तिला टप्प्याटप्प्याने सांगितलं. निनावी अर्जाची दखल सहसा घेतली जात नाही. घेतली असती, तर तहसीलदारांनी प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लिहिलं असतं. दिराला फेरतपासणीला बोलावलं असतं. तोवर अनुदान थांबू शकलं असतं. मंडळाने दृष्टिक्षेत्र मोजलं असतं, दिव्यांगत्व कायम ठेवलं असतं, आणि प्रकरण बंद. उत्पन्नाकडे कुणी पाहिलंही नसतं. म्हणजे खोटा आरोप तपासला गेला असता आणि खरी गोष्ट तशीच राहिली असती. तक्रार कुणी केली हे मात्र दोन दिवसांत घरात कळलं असतं.

कायद्याची बाजूही सांगावी लागली, कारण लोक तिचा अर्धाच भाग ऐकून असतात. २०१६ च्या कायद्याचं कलम ९१ म्हणतं की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ कुणी कपटाने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पुढचं कलम ९२ फारसं कुणी वाचत नाही. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत, तिला खाली दाखवण्याच्या हेतूने अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरच्या ग्रुपवर "खोटा आंधळा" असं लिहायचा वहिनीचा विचार होता. तो तिने तिथल्या तिथे सोडला. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २१७: खोटी आहे हे माहीत असून, दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून सरकारी अधिकाऱ्याला माहिती देणं हा गुन्हा आहे. प्रामाणिक समजुतीने दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली तर तो गुन्हा होत नाही. पण दृष्टिक्षेत्राचा अहवाल पाहिल्यावरही "सोंग" हा शब्द अर्जात ठेवला असता, तर ती प्रामाणिक समजूत उरली नसती.

माहिती अधिकारात त्याचे डॉक्टरी कागद मागवता येतील का, असंही तिने विचारलं. दुसऱ्याची वैद्यकीय माहिती खाजगी असते, ती अशी मिळत नाही आणि मिळू नये. अनुदानाच्या योजनांमधल्या लाभार्थ्यांचा तपशील मात्र कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा असतो, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली. कोणाला किती अनुदान मिळतं हे बघण्याचा हक्क सगळ्यांना आहे. कोणाच्या डोळ्याच्या पडद्याला काय झालं आहे, हे बघण्याचा नाही.

बोलणं

मी सुचवलं ते असं. आधी त्याच्याशी बोला. दोघांनी, नवरा-बायकोने, सासूबाई नसताना. डोळ्यांबद्दल विचारा, आरोप करू नका. मग गिरणीचं काढा. त्याला ठरावीक मुदत द्या. मुदतीत काही झालं नाही तर वहिनीने स्वतःच्या नावाने, फक्त उत्पन्नाबद्दल, तहसीलदारांना कळवावं. नातेवाइकाने कळवलंच पाहिजे असं कुठलंही बंधन तिच्यावर नव्हतं. पण तिला गप्प बसवत नव्हतं, आणि ते मला योग्य वाटलं. वाटणीचं बोलणं मात्र हा विषय संपेपर्यंत बाजूला ठेवायचं. ही अट मी घातली. वहिनीला ती आवडली नाही, पण तिने पाळली.

बोलणं झालं त्याची हकिगत वहिनीने मला दुसऱ्या दिवशी सांगितली.

"भावजी, एक विचारायचंय. रागावू नका. तुम्हाला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

त्याने फाईल काढली. दृष्टिक्षेत्र तपासणीचा कागद दाखवला. दोन वर्तुळं, जवळपास पूर्ण काळी, मधोमध पांढरा ठिपका. "एवढंच आहे," तो म्हणाला. मोटारसायकल का सोडली तेही सांगितलं. बाजूने आलेलं एक पोर त्याला दिसलं नव्हतं, थोडक्यात वाचलं. त्याने हे घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पांढरी काठी घेत नाही, कारण काठी घेऊन मोबाईल वाचताना कुणी पाहिलं तर काय म्हणेल, ही भीती. वहिनीचा आवाज हे सांगताना भरून आला होता.

पण तिने गिरणीचा विषय सोडला नाही, आणि या प्रकरणात मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. दया आली की पुष्कळ जण तिथेच थांबतात. ती म्हणाली, "डोळ्यांचं मला कळलं, माझं चुकलं. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर चाळीस हजार लिहिलेत, ते खरं नाही ना भावजी?"

तो चिडला. "गावात कुणाचा दाखला खरा आहे? तुम्हाला माझाच दिसला?" मग थोड्या वेळाने जे बोलला ते मला या सगळ्यातलं सर्वांत खरं वाटतं. "हे पैसे बंद केले आणि उद्या मधलंही दिसायचं बंद झालं, गिरणी बसली, तर परत सुरू करायला किती वर्षं लागतील? तेव्हा कोण फिरणार तहसीलला?"

या भीतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एकदा बंद झालेलं अनुदान पुन्हा मंजूर करून घेणं कठीण जातं, हे मी रोज बघते. मी त्याला भेटून एवढंच सांगितलं की पात्रता पुन्हा आली तर पुन्हा अर्ज करता येतो, आणि तो अर्ज मी भरून देईन. यूडीआयडी कार्ड आणि त्यावरची एसटीची सवलत यांचा या उत्पन्नाशी संबंध नाही, त्या जात नाहीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी ठेवायचा असतो, त्यातून साहित्य मागता येतं. ते त्याने कधी मागितलंच नव्हतं. आणि वसुलीबद्दल त्याला खोटा दिलासा दिला नाही. अपात्र असताना घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. मात्र स्वतःहून कळवलेलं आणि पकडलं गेलेलं, यांत फरक पडतो.

काय झालं

त्याने मुदत वाढवून मागितली. गिरणीच्या कर्जाचे शेवटचे हप्ते फिटेपर्यंत. वहिनी नको म्हणत होती, नवरा हो म्हणत होता. मी वहिनीच्या बाजूने होते. हप्ते फिटेपर्यंत म्हणजे दर महिन्याला आणखी एक, आता माहीत असून घेतलेली रक्कम. आधीचं अज्ञान किंवा आळस म्हणून सोडून देता आलं असतं, यापुढचं नाही. शेवटी मुदत वाढली नाही.

अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, सरळ रेषेत, मोठ्या अक्षरात. गिरणी अमुक महिन्यापासून सुरू झाली, कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे, अनुदान बंद करावं, जास्तीची रक्कम निघाल्यास ती हप्त्याने भरण्याची परवानगी मिळावी. सोबत गिरणीच्या विजेची बिलं आणि बँकेचं पासबुक. दिव्यांगत्व कायम असून प्रमाणपत्र वैध आहे, ही ओळ मी मुद्दाम घालायला लावली, म्हणजे उद्या कुणी या अर्जाचा अर्थ "याने दिव्यांगत्व खोटं असल्याचं कबूल केलं" असा लावू नये. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तहसीलमधून बाहेर पडू नका, हे मी सगळ्यांनाच सांगते.

वहिनीने पर्यायी तक्रारीचा मसुदा तयार ठेवला होता, तो फाडला नाही. त्यात आता "सोंग" नव्हतं, विशेषण एकही नव्हतं. कोणत्या महिन्यापासून गिरणी आहे, उत्पन्न किती असल्याचं दिराने कुणासमोर सांगितलं, उत्पन्नाची चौकशी व्हावी ही विनंती, आणि खाली तिचं नाव, सही, फोन नंबर. तो पाठवायची वेळ आली नाही.

अनुदान थांबलं आहे. वसुलीचं पत्र अजून आलेलं नाही. आलं तर किती महिन्यांचं असेल, यावर घरात रोज वाद होतात. नवऱ्याचं मत अजूनही असं की हे सगळं टाळता आलं असतं, आणि तो ते वहिनीला ऐकवतो. दीर आणि वहिनी बोलतात, पण पहिल्यासारखं नाही. शेजारच्या मुलाच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख दुरुस्त झाली असून त्याचा अर्ज पुन्हा भरला आहे. वाटणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. दिराने वहिनीच्या नवऱ्याला निरोप दिला आहे की बैठक दिवसाउजेडी, चारच्या आत ठेवा.